जुन्या गाडीचा मूळ पांढरा जुळवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, ॲम्बेसेडर, पहिल्या पिढीतली मारुती ८००, एखादी बीटल किंवा जुनी मर्सिडीज. नाशिकमध्ये जपून ठेवलेल्या गाड्यांत पांढऱ्या भरपूर आहेत. कसारा घाट उतरून मुंबईला एक फेरी मारली की बॉनेटच्या नाकावर खडीचे दोन-चार टवके उडतात आणि तिथून पुढचे प्रश्न सुरू होतात.

पांढरा तो पांढरा. त्यात जुळवायचं काय?

धुतलेलं सुती धोतर, नीळ घातलेला शर्ट आणि कोरी चादर एका दोरीवर वाळत घाला. वेगवेगळे पाहिले तर तिन्ही पांढरे. शेजारी आले की एक पिवळट, एक निळसर, एक राखाडी. गाडीचंही तसंच. लाल किंवा हिरव्या रंगात थोडा फरक खपून जातो, पण पांढऱ्यात डोळा अतिशय तिखट होतो. म्हणून सगळ्या साध्या रंगांत पांढरा जुळवायला सगळ्यात अवघड.

त्यातून आज दुकानात मिळणारे बरेच पांढरे नीळ घातल्यासारखे थंड, निळसर असतात. जुन्या गाड्यांचे पांढरे बहुतेक उबदार: सायीचा, मोतिया, हस्तिदंती. तयार ‘सुपर व्हाइट’ लावला की टवका होता तेव्हा दिसत नव्हता इतका ठिपका उठून दिसतो.

आरसी बुकात नुसतं ‘व्हाइट’ लिहिलंय. कोड कुठे सापडेल?

परदेशी गाड्यांवर पाटी असते. सत्तरच्या दशकातल्या बीटलचा पेस्टल व्हाइट म्हणजे एल९०डी, त्याआधीच्या बीटलचा पर्ल व्हाइट म्हणजे एल८७. जुन्या मर्सिडीजचा क्लासिक व्हाइट ७३७. मारुती-सुझुकीचा सुपीरियर व्हाइट २६यू. बॉनेटखालचा आडवा पत्रा, दाराचा खांब, स्पेअर चाकाची खोबण, डिकीच्या झाकणाची आतली बाजू या जागा आधी पुसून पाहा.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या बाबतीत कोड शोधण्यात आठवडा घालवू नका. बहुतेक गाड्यांवर तो मिळत नाही. तिथे गाडीचा पत्राच नमुना.

कोड होता, त्याप्रमाणे रंग करून आणला, तरी डाग दिसतो. दुकानदाराने फसवलं का?

बहुधा नाही. कोड सांगतो गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाची शेड. त्यानंतर चाळीस वर्षं ऊन, धूर, पॉलिश आणि बोअरचं पाणी तिने खाल्लं. शिवाय तेव्हाचे टिंटर, म्हणजे शेडसाठी मिसळायचे गडद रंग, वेगळे, आताचे वेगळे. जुना फॉर्म्युला आजच्या टिंटरमध्ये बसवलेला असतो. कोड म्हणजे सुरुवातीचा बिंदू. जुळवायचं ते गाडी आज जशी आहे त्याच्याशी.

आणखी एक साधं कारण असतं, ते आधी तपासा: डबा नीट ढवळला होता का? पांढऱ्यातली पांढरी भुकटी, टायटॅनियम डायऑक्साइड, तिला धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या मानाने खूप जड, घनता ४ च्या वर. महिनाभर उभ्या डब्यात ते तळाशी चिकट थर करून बसतं. वरचा पातळ रंग ओतून घेतला की शेड चुकते आणि खालचा रंगही नीट झाकला जात नाही. चपट्या पट्टीने तळ खरवडून किमान पाच मिनिटं ढवळा. हलवून भागत नाही.

मूळ रंग बघायचा कुठे?

जिथे ऊन आणि पॉलिश पोचलं नाही तिथे: दाराच्या रबराखाली, नंबर प्लेटमागे, बाजूच्या क्रोम पट्टीखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाआड, मागच्या सीटच्या पाठीमागे, आरशाच्या बुडाखाली.

पण इथे एक गंमत आहे, आणि चांगले पेंटरही तिथे फसतात. तेलावर आधारलेला सिंथेटिक एनॅमल अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात तो पिवळेपणा बराच उतरतो. म्हणजे रबराखालचा पट्टा ‘जसाच्या तसा मूळ’ नसतो, बाहेरच्यापेक्षा जास्त पिवळा असू शकतो. त्या पट्ट्यावरून शेड काढली तर बॉनेटवर ठिपका पिवळट दिसणार. सुटा होणारा भाग, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण वगैरे, आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवा आणि मग बघा.

गाडी दोन-तीनदा रंगवलेली आहे. मूळ थर कसा ओळखायचा?

डिकीच्या आत किंवा दाराच्या रबराखाली, जिथे दिसणार नाही अशी रुपयाएवढी जागा निवडा. ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून बोटाने गोल गोल घासा, मध्यावर जास्त दाब. दोन-तीन मिनिटांत कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसू लागतात: बाहेर आजचा पांढरा, मग राखाडी सर्फेसर (रंगाखालचा सपाटीचा थर), मग आधीचा एखादा पांढरा किंवा मोतिया, लालसर किंवा राखाडी प्रायमर आणि मधोमध चकाकता पत्रा. शेवटी १५०० नंबरने हलका हात फिरवला की वलयं स्वच्छ वाचता येतात. पत्र्याकडून मोजत या. प्रायमरनंतरचा पहिला रंग तो कारखान्याचा. झाल्यावर उघड्या पत्र्याला लगेच प्रायमर लावा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे गंज धरतो.

आता निर्णय तुमचा. टच-अप करायचं असेल तर वरच्या थराशी जुळवा, मूळ थराशी नाही. मूळ शेड उपयोगी पडते ती पूर्ण गाडी रंगवताना. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एकच गाडी दोन रंगांची होते.

सध्याचा रंग कुठल्या जातीचा आहे, घरी कळेल का?

हो. आडोशाच्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा कापूस दहा सेकंद धरा.

कापसावर पांढरा रंग सहज उतरला: एनसी लॅकर, म्हणजे ज्याला जुने पेंटर ‘ड्युको’ म्हणतात तो. रंग मऊ पडला, फुगला, सुरकुत्या आल्या: सिंथेटिक एनॅमल. काहीच झालं नाही: हार्डनर मिसळून घट्ट होणारा दोन भागांचा रंग, म्हणजे टू-के पीयू, किंवा भट्टीत भाजलेला कारखान्याचा रंग. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, आहे का, हे पॉलिश लावून कापडावर पाहा. कापड पांढरं झालं तर क्लिअर नाही.

ही परीक्षा टाळू नका. एनॅमलवर एनसी मारला तर खालचा रंग उकलून पोपडे येतात. लॅकरवर टू-केचा ओला जाड हात मारला तरी कडा उचलल्या जातात.

नाशिकमध्ये मशीनवर शेड काढून मिळते का?

द्वारका, मुंबई नाका, सातपूर, अंबड या पट्ट्यात गाड्यांचे रंग विकणाऱ्यांकडे विचारा. मोठ्या ब्रँडच्या मिक्सिंग केंद्रात स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं मशीन, असतो. साध्या पांढऱ्यासाठी मशीन चांगलं काम करतं, पण त्याला नीट जागा दाखवायला हवी. आधी कंपाउंडने (घासायच्या पेस्टने) तळहाताएवढा चौकोन घासून वरची पांढरी भुकटी काढा, वॅक्स पुसा. सपाट जागी तीन वाचनं घ्या. मडगार्डच्या गोलाईवर मशीन टेकलं तर बाजूने उजेड शिरतो आणि आकडे बिघडतात.

वाचन घेताना ‘डेल्टा-ई किती’ हे विचाराच. हा दोन रंगांतल्या फरकाचा आकडा. इतर रंगांत १ च्या आत असलं की पुष्कळ, पांढऱ्यात ०.५ च्या आसपास मागा. आणि मशीनने दिलेला फॉर्म्युला थेट गाडीवर लावू नका. शेवटची दुरुस्ती हाताची.

हाताने शेड कशी काढायची?

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागेल, सोनारांकडचा छोटा काटा उत्तम. टिंटर सरळ पांढऱ्यात टाकू नका. काळ्याचा एक थेंब शंभर ग्रॅम पांढऱ्याला बिघडवायला पुरेसा असतो. आधी पातळ ‘कट’ करून ठेवा:

काळा कट: ९९ ग्रॅम पांढऱ्यात १ ग्रॅम काळा.
पिवळा कट: ९५ ग्रॅम पांढऱ्यात ५ ग्रॅम पिवळा ऑक्साइड.
लाल कट: ९९ ग्रॅम पांढऱ्यात १ ग्रॅम लाल ऑक्साइड.

आता १०० ग्रॅम पांढरा घ्या. सायीच्या शेडसाठी ४ ग्रॅम पिवळा कट आणि २ ग्रॅम काळा कट, इथून सुरुवात. म्हणजे खरं तर ०.२ ग्रॅम पिवळा आणि ०.०२ ग्रॅम काळा गेला, इतकंच. आधी उबदारपणा जुळवा, मग काळोखी. पुढची प्रत्येक भर अर्ध्या-एक ग्रॅमची, आणि प्रत्येक भर कागदावर लिहायची.

पिवळा आणि काळा एकत्र आले की रंग हिरवट होतो. नवख्याला हे कळत नाही, तो पिवळा वाढवत बसतो आणि रंग अजूनच शेवाळतो. हिरवट झाक दिसली की अर्धा ग्रॅम लाल कट. लाल जास्त झाला तर गुलाबी, म्हणून अर्ध्या ग्रॅमच्या पुढे जाताना दर वेळी सुकवून पाहा.

प्रत्येक प्रयोगाआधी अर्धा रंग बाजूला काढून ठेवा. काळा दुप्पट पडला तर सुधारायला पांढराही दुप्पट ओतावा लागतो. दोन चुकांत शंभर ग्रॅमचे चारशे होतात.

टिंटर रंगाच्याच जातीचे हवेत. भिंतीच्या रंगाचे स्टेनर स्वस्त आणि हाताशी असतात, पण ते गाडीच्या रंगात नीट मिसळत नाहीत, रेघा उमटतात.

जुळला की नाही, हे कसं ठरवायचं?

ओल्या रंगावरून कधीच नाही. सुकताना शेड हलते. जाड कार्डावर, जसा गाडीवर लावणार तसाच, दोन-तीन हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. टू-के असेल तर चाचणीच्या चमचाभर रंगातही हार्डनर घाला. मग ऑफिसातल्या पंचने कार्डाला मधोमध भोक पाडा आणि कार्ड पॉलिश केलेल्या पत्र्यावर सपाट ठेवा. भोकातून गाडीचा रंग दिसतो, भोवती तुमचा. तीन फुटांवरून डोळे बारीक करून पाहा. भोक हरवलं तर जुळलं. भोक राखाडी ठिपक्यासारखं दिसलं तर तुमचा रंग फार स्वच्छ आहे, काळा कट लागेल. भोक पिवळं दिसलं तर तुमच्या रंगात पिवळा कमी.

कुठल्या उजेडात?

सकाळी दहा ते दुपारी तीन, मोकळ्या सावलीत. नंतर उन्हात, मग ट्यूबलाइटखाली. उन्हात जुळणारा आणि ट्यूबलाइटमध्ये वेगळा दिसणारा रंग म्हणजे टिंटर वेगळ्या जातीचे आहेत. दोन्हीकडे जमत नसेल तर दिवसाच्या उजेडाला मान द्या, गाडी लोक दिवसाच बघतात.

पावसाळ्यात गाडीवर निळी ताडपत्री ताणून तिच्याखाली शेड बघणारे पुष्कळ असतात. त्या उजेडात सगळंच निळं दिसतं, मग माणूस पिवळा घालत सुटतो. शेजारची गुलाबी भिंत आणि अंगातला भगवा टी-शर्टही पांढऱ्या पत्र्यावर उतरतात.

खडीचा टवका भरायची पद्धत सांगा.

१. शाम्पूने धुवा, सुकवा. वॅक्स आणि सिलिकॉन काढणाऱ्या द्रवाने पुसा. वॅक्स राहिलं तर रंग आक्रसून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.
२. टवक्याच्या तळाचा गंज टोकदार सुरीने किंवा फायबरच्या पेनाने खरवडा. काळे ठिपके उरले तर फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर काडीने लावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, पुसून घ्या.
३. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमरचा एकच पातळ ठिपका, टूथपिकच्या टोकाने. फक्त तळाला, कडेवर नाही.
४. रंगाचा ठिपका ० नंबरच्या ब्रशने मधोमध टेकवा, त्याला आपोआप कडेपर्यंत पसरू द्या. ब्रशने ओढू नका. लॅकर असेल तर दोन थरांत अर्धा तास, एनॅमल असेल तर पूर्ण दिवस.
५. सुकताना रंग बसतो, म्हणून चार-पाच थर लागतात. पृष्ठभागाच्या केसभर वर आला की थांबा.
६. लॅकर आठवडाभर, एनॅमल दोन-तीन आठवडे कडक होऊ द्या.
७. छोट्या कडक ठोकळ्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात. नुसत्या बोटाने घासलं तर भोवती खड्डा पडतो. ठिपका समतल झाला की कंपाउंड, मग पॉलिश.

वीस मि.ली. रंगात असे कित्येक टवके भरतात. पाव लिटर आणायची गरज नाही.

शेड बरोबर होती, तरी ठिपका गुलाबी दिसतो.

खाली रेड ऑक्साइड प्रायमर आहे आणि वर पांढऱ्याचा थर पातळ आहे. पातळ थरात पांढरा खालचं नीट झाकत नाही. गडद राखाडी प्रायमरवर तोच रंग निळसर, मळका दिसतो. पांढऱ्याखाली पांढरा किंवा फिका राखाडी प्रायमर वापरा.

टवका नाही, लांब ओरखडा आहे. किती भाग रंगवावा?

नखाला अडकत नसेल तर फक्त कंपाउंड. अडकत असेल तर ब्रश सोडा, रंग फवारायची गन लागेल. पॅनेलच्या मधोमध रंग विरवण्याचा मोह टाळा. एकेरी (क्लिअर कोट नसलेल्या) पांढऱ्यात विरवलेली कड वर्षभरात पिवळ्या वलयासारखी उमटते. पत्र्याची घडी, क्रोम पट्टी किंवा दाराची फट गाठा आणि तिथे थांबा. माणसाची नजर कडेपाशी फरक माफ करते, सपाट जागी करत नाही. बॉनेटसारखा आडवा भाग आणि दारासारखा उभा भाग यांवर उजेड वेगळा पडतो, त्यामुळे त्यांच्यातला बारीक फरक सहसा कळत नाही.

दाराच्या बाहेरच्या बाजूला मिसळून तयार झालेला रंग साधारण २५० ते ३०० मि.ली. लागतो. गनचं तोंड १.३ किंवा १.४ मि.मी., दाब ३० पीएसआयच्या आसपास. हार्डनर आणि थिनरचं प्रमाण डब्यावरचं, पेंटरच्या अंदाजाचं नाही.

नाशिकमध्ये कुठला काळ बरा?

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च. पावसाळ्यात लॅकर लावला तर थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधासारखा निस्तेज होतो. पांढऱ्यात हे लगेच लक्षात येत नाही, चमक गेल्यावर कळतं. अगदी गरजच असेल तर ५ ते १० टक्के रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारा द्रव, घाला.

डिसेंबर-जानेवारीत सकाळचा पत्रा बर्फासारखा असतो, त्यावर दव असतं. अकराच्या आत हात लावू नका, चारला थांबा. १० अंशांच्या खाली टू-केचं हार्डनर जवळपास झोपून जातं. मे महिन्यात उलट: रंग पत्र्यावर पोचायच्या आत सुकतो आणि खरखरीत बसतो. तेव्हा सावकाश उडणारा थिनर घ्या.

सहा महिन्यांनी ठिपका वेगळा दिसू लागला.

दोन शक्यता. जुना रंग पॉलिश न करता जुळवलेला असेल तर नंतर पॉलिशने गाडी उजळली आणि ठिपका मागे राहिला. किंवा लॅकरची गाडी आणि एनॅमलचा ठिपका, दोघांचं वय वेगळ्या वेगाने वाढतं. गॅरेजमध्ये कायम झाकून ठेवलेल्या गाडीवर एनॅमल लवकर पिवळा पडतो. अधूनमधून गाडी बाहेर उभी करा, एवढाही उपाय पुरतो कधी कधी.

आरटीओत काही कळवावं लागतं का?

पांढऱ्यावर पांढरा, काही नाही. खालचा मूळ थर निळा निघाला आणि तुम्ही गाडी पुन्हा निळी केली तर आरसीत रंग बदलून घ्यावा लागतो, एमएच-१५ असो वा जुना नंबर. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येतं, त्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. टच-अप त्यात मोडत नाही.

घरी करताना धोका कशाचा?

जुन्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, पाण्याने घासा, गाळ कागदात पुसून टाका, मुलं लांब ठेवा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ब्रशने ठिपका लावायला हातमोजे आणि मोकळी हवा पुरते, पण गनने फवारायचं तर साध्या मास्कवर विसंबू नका. ते काम बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कच्या पेंटरला द्या.

उरलेला रंग किती दिवस टिकतो?

हार्डनर घातलेला काही तासच. बाकीचा छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, कारण वर राहिलेल्या हवेनेच एनॅमलवर साय धरते. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, बाटलीवर फॉर्म्युला आणि तारीख लिहा, आणि भोक पाडलेलं ते कार्ड रबरबँडने बाटलीलाच बांधून ठेवा. पुढच्या टवक्याच्या वेळी आधी कार्ड गाडीवर ठेवून पाहा. भोक अजूनही हरवत असेल तर बाटली ढवळा आणि कामाला लागा. दिसत असेल तर पुन्हा अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात.